विश्व घडवून पाहण्याचा उद्योग

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



हीरक महोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी शाळेने मला पाचारण केले, त्याबद्दल मी ऋणी आहे. शाळेच्या आठवणी सांगाव्यात, असे काही स्नेह्यांनी सुचवले होते. परंतु त्यासाठी माझ्याहून अधिक अधिकारी वक्ते या मालेत आहेत. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. म्हणून आज एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव कार्लोस फ्रेंक. दीर्घिका कशा जन्मल्या आणि विश्वाला आजचे रूप कसे आले, हे संगणकावर घडवून पाहण्यात त्यांनी चार दशकांहून अधिक काळ वेचला. आपल्या आवडत्या कल्पनेची परीक्षा कशी घ्यावी, हे या कारकिर्दीतून शिकण्यासारखे आहे, असे मला वाटते.

प्रथम एका शब्दाविषयी. आपली पृथ्वी ज्या तारकासमूहात आहे, तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तिच्यासारख्या इतर असंख्य तारकासमूहांना मराठीत ‘दीर्घिका’ म्हणतात. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. आपल्या भोवतालच्या हिंदी पुस्तकांत तिलाच मंदाकिनी म्हणतात. आपल्या मुलांच्या ओठी हे दोन्ही शब्द असतात, ही परप्रांतातील मराठी शाळेची एक मिळकतच आहे.

खगोलशास्त्राची अडचण अशी की, त्याला प्रयोग करता येत नाही. रसायनशास्त्रज्ञ दोन द्रव्ये एकत्र करून काय होते ते पाहतो. दोन दीर्घिकांची टक्कर मात्र घडवता येत नाही, आणि आकाशात चाललेली टक्कर पुरी होईपर्यंत कोट्यवधी वर्षे जातात. आपल्या वाट्याला येते ते एक स्थिरचित्र. त्यावरून मागची-पुढची कथा जुळवायची.

या अडचणीतून मार्ग काढण्याचा एक विलक्षण प्रयत्न १९४१ साली स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी केला. तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हते. होल्मबर्ग यांनी विजेचे दिवे घेतले. एका दीर्घिकेसाठी ३७ आणि दुसरीसाठी ३७, असे ७४ दिवे त्यांनी अंधाऱ्या खोलीत मांडले. अंतर दुप्पट झाले की दिव्याचा प्रकाश एक चतुर्थांश होतो, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियमही नेमका तसाच आहे. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी कोणत्या दिशेने किती प्रकाश येतो, हे मोजले की त्या ठिकाणच्या ताऱ्यांवरील ओढ कळते. त्या ओढीप्रमाणे दिवे थोडे सरकवायचे आणि पुन्हा मोजायचे. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या की त्यांचे आकार कसे ताणले जातात, हे त्यांना अशा रीतीने पाहता आले. आजचे प्रचंड महासंगणक तत्त्वतः हेच करतात: ओढ मोजायची, सरकवायचे, पुन्हा मोजायचे.

पुढे दिव्यांची जागा संगणकातील आकड्यांनी घेतली. १९७० साली जेम्स पीबल्स यांनी ३०० कणांचा खेळ मांडून दीर्घिकांचा समूह कसा आकसत तयार होतो, ते दाखवले. पीबल्स यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच सुमारास आणखी एक जुने कोडे ऐरणीवर येत होते. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांच्या ध्यानात आले होते की, केश नावाच्या समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात की, केवळ दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने त्या एकत्र राहणे शक्य नाही. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी एकेका दीर्घिकेचे भ्रमण मोजले, तेव्हाही तेच दिसले. काहीतरी अदृश्य, पण वजनदार असे द्रव्य तेथे असले पाहिजे. त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. आजच्या मोजणीनुसार विश्वात साधे द्रव्य सुमारे ५ टक्के आहे, तर कृष्णद्रव्य त्याच्या पाचपटीहून थोडे अधिक.

कार्लोस फ्रेंक या कोड्याकडे आले ते मेक्सिकोतून. त्यांचा जन्म १९५१ सालचा, मेक्सिको सिटीमधला. वडिलांचे कुटुंब जर्मनीतून स्थलांतरित झालेले. त्यांच्या आजी मारियाना फ्रेंक-वेस्टहाइम या हॅम्बुर्गमध्ये जन्मलेल्या लेखिका. मेक्सिकोचे थोर कादंबरीकार हुआन रुल्फो यांना त्यांनी जर्मन भाषेत नेले. घराण्याची मूळ भाषा एक, शिक्षणाची दुसरी आणि पुढे विज्ञानाची तिसरी, असा हा प्रवास आहे. या सभागृहातील पुष्कळांच्या घरी याहून वेगळे काय आहे?

मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातून पदवी घेऊन फ्रेंक केंब्रिजला गेले आणि १९८१ मध्ये तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ज्या खगोलशास्त्र संस्थेत ते शिकले, तिचा पाया फ्रेड हॉइल यांनी घातला होता, आणि त्या पायाभरणीत त्यांचे सहकारी होते आपले जयंत नारळीकर. नारळीकर १९७२ साली भारतात परतले. फ्रेंक तेथे पोहोचले ते त्यानंतर. त्यांच्याविषयी मी शेवटी पुन्हा बोलणार आहे.

डॉक्टरेटनंतर फ्रेंक अमेरिकेत बर्कली येथे मार्क डेव्हिस यांच्याकडे गेले. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतीच सुमारे २४०० दीर्घिकांची अंतरे मोजून विश्वाच्या आपल्या परिसराचा त्रिमितीय नकाशा काढला होता. दीर्घिका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्यांच्या माळा आहेत, पुंजके आहेत, मध्ये ओस पडलेले प्रदेश आहेत, हे त्यात दिसत होते. हे जाळे कसे विणले गेले, हा प्रश्न होता. बर्कलीत फ्रेंक यांना सायमन व्हाइट आणि जॉर्ज एफ्स्टाथियू हे आणखी दोन तरुण सहकारी लाभले.

त्या वेळी एक उत्तर जवळजवळ सर्वमान्य होऊ पाहत होते. १९८० साली मॉस्कोच्या एका गटाने जाहीर केले होते की, न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाला वजन असल्याचे प्रयोगात आढळले. विश्वात न्यूट्रिनो अगणित आहेत. त्यांना एवढे वजन असेल, तर कृष्णद्रव्याचे कोडे सुटलेच! नवा कण कल्पिण्याची गरज नाही. जो ठाऊक आहे, तोच पुरेसा. इतके सुबक उत्तर कोणालाही हवेसे वाटेल.

फ्रेंक, व्हाइट आणि डेव्हिस यांनी ते उत्तर संगणकाला दिले. सुरुवातीचे विश्व जवळपास एकसारखे, त्यात घनतेचे किंचित चढउतार. न्यूट्रिनो प्रचंड वेगाने धावत असल्यामुळे लहान चढउतार पुसले जातात, मोठे तेवढे उरतात. तेथून पुढे विश्वाचे प्रसरण आणि गुरुत्वाकर्षण यांना आपापले काम करू द्यायचे. निष्पन्न झालेले विश्व डेव्हिस यांच्या नकाशाशेजारी ठेवले, तेव्हा दोहोंत मेळ नव्हता. संगणकातील विश्वात दीर्घिका अवाढव्य ढिगांत गोळा झाल्या होत्या. खरे आकाश तसे नाही. १९८३ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. मॉस्कोच्या त्या मोजमापालाही पुढे दुजोरा मिळाला नाही.

या घटनेचे मोल मला फार वाटते. या शाखेचा पहिला मोठा निकाल नकाराचा होता. संगणकावर सुंदर चित्रे काढता येतात, हे त्या निकालाने सिद्ध केले नाही. एखादी लोकप्रिय कल्पना आकाशाच्या साक्षीने खोटी ठरवता येते, हे त्याने सिद्ध केले, आणि येथूनच हा उद्योग विज्ञान झाला.

मग दुसरा पर्याय तपासला गेला. कृष्णद्रव्याचे कण जड आणि मंदगती असतील तर? मंदगती म्हणून त्याला ‘शीत’ कृष्णद्रव्य म्हणतात. अशा विश्वात लहान चढउतार टिकून राहतात. आधी लहान पुंजके जमतात आणि ते एकत्र येऊन मोठे होतात. १९८५ साली या चौघांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३२,७६८ कण वापरले होते. आज हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु प्रत्येक कण प्रत्येकाला ओढतो, म्हणून जोड्या होतात ५३ कोटींहून अधिक, आणि प्रत्येक पावलाला त्या साऱ्या नव्याने मोजायच्या! तेवढी ताकद तेव्हाच्या यंत्रांत नव्हती. म्हणून युक्ती योजावी लागते. जत्रेत शेजारच्या माणसाचे शब्द आपण वेगवेगळे ऐकतो, लांबच्या गर्दीचा मात्र एकच गलबला कानी येतो. तसेच येथे: जवळच्या कणांची ओढ एकेक करून मोजायची, दूरच्यांची एकत्रित. या युक्तीची मांडणी एफ्स्टाथियू यांच्या हातची होती.

शीत कृष्णद्रव्याचे विश्व खऱ्या आकाशाशी पुष्कळसे जुळले. पुष्कळसे, संपूर्ण नाही. १९९० साली एफ्स्टाथियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो दीर्घिकांच्या गणतीवरून दाखवले की, या विश्वात द्रव्य मानले जाते त्याहून बरेच कमी असावे आणि उरलेली जागा आइन्स्टाइन यांच्या विश्वस्थिरांकाने भरून काढावी लागेल. तेव्हा हे अनेकांना रुचले नाही. १९९८ साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून दोन गटांनी स्वतंत्रपणे सांगितले की, विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, आणि तो स्थिरांक परत आला. दरम्यान १९९२ साली ‘कोबे’ उपग्रहाने विश्वाच्या आरंभकाळच्या प्रारणात एक लाखात एक भाग एवढे सूक्ष्म चढउतार टिपले. ज्या बीजापासून दीर्घिका वाढल्या असे संगणक गृहीत धरत होता, ते बीज आकाशात सापडले. २०११ साली या चौघांना मिळून ग्रुबर पारितोषिक देण्यात आले.

फ्रेंक १९८० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम विद्यापीठात रुजू झाले आणि तेथेच रमले. तेथे त्यांनी संगणकीय विश्वरचनाशास्त्राची संस्था उभी केली. अर्जेंटिनाचे हुलिओ नवारो, मेक्सिकोचे फ्रेंक आणि इंग्लंडचे व्हाइट यांनी १९९६-९७ मध्ये दाखवले की, कृष्णद्रव्याचा पुंजका लहान असो वा प्रचंड, केंद्रापासून बाहेर जाताना त्याची घनता एकाच सूत्राने उतरत जाते. ते सूत्र आज तिघांच्या आद्याक्षरांनी ओळखले जाते. २००५ साली फोल्कर श्प्रिंगेल यांच्या पुढाकाराने, जर्मनीतील गार्किंग येथील महासंगणकावर, ‘मिलेनियम’ नावाचे प्रतिरूप पुरे झाले. कण एक हजार कोटींहून अधिक. घनाची बाजू दोन अब्ज प्रकाशवर्षांहून मोठी. ५१२ प्रक्रियक महिनाभर अहोरात्र चालले. आणि त्यातून सुमारे दोन कोटी दीर्घिकांचा इतिहास हाती आला. फ्रेंक या गटाचे एक धुरीण होते.

तरीही काम संपले नाही. कृष्णद्रव्य केवळ गुरुत्वाकर्षण जाणते, म्हणून ते गणिताला सोपे. साधे द्रव्य खोडकर आहे. वायू तापतो, निवतो, त्याचे तारे होतात. मोठे तारे फुटतात आणि उरलेला वायू उधळून लावतात. केंद्रातील कृष्णविवरेही तेच करतात. हा उधळून लावण्याचा परिणाम पुरेसा धरला नाही, तर संगणकात तारे प्रमाणाबाहेर जन्मतात आणि दीर्घिका गच्च, बोजड होतात. आपल्या आकाशगंगेसारख्या ऐसपैस चकत्या व्हायला हव्यात, तर स्फोटांचा हिशेब नीट मांडावा लागतो. २०१५ साली लायडनचे योप शाये यांच्या नेतृत्वाखाली, डरहॅमच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल’ या प्रतिरूपात खऱ्या दीर्घिकांशी पुष्कळ मिळतीजुळती रूपे मोठ्या संख्येने दिसू लागली. हा हिशेब लावायलाच तीस वर्षे गेली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढे सारे जुळले, तरी कृष्णद्रव्याचा एकही कण आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. इटलीत डोंगराच्या पोटात, ग्रान सासो येथे, त्यासाठी संवेदक बसवले आहेत. आपल्या देशातही झारखंडमध्ये जादुगुडा येथील युरेनियमच्या खाणीत सुमारे ५५० मीटर खोलीवर २०१७ साली या शोधासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. शोध चालू आहे. २०२२ पासून जेम्स वेब दुर्बीण विश्वाच्या बाल्यकाळातील ज्या तेजस्वी दीर्घिका दाखवत आहे, त्या अपेक्षेहून अधिक आहेत. त्यांचा अर्थ कसा लावावा, यावर वाद चालू आहे. म्हणजे फ्रेंक यांच्या हयातीचे काम ज्या पायावर उभे आहे, तो पाया अजून डोळ्यांनी दिसलेला नाही.

अशा स्थितीत माणूस काय करतो? आपली बाजू लढवणे सोपे असते. फ्रेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात एक वेगळी गोष्ट केली. आपली कल्पना कशाने खोटी ठरेल, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. कृष्णद्रव्य खरोखर शीत असेल, तर एकही तारा नसलेले लहानलहान काळोखे पुंजके विश्वात भरून असले पाहिजेत. ते दिसणार नाहीत. पण मागून येणारा प्रकाश त्यांच्या वजनाने किंचित वाकेल. अशी वाकलेली प्रकाशचित्रे पुरेशी तपासली आणि त्यांत हे पुंजके आढळलेच नाहीत, तर शीत कृष्णद्रव्य बाद. ती चित्रे गोळा होत आहेत. निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो. न्यूट्रिनोला जी कसोटी लावली, तीच चाळीस वर्षांच्या स्वतःच्या कमाईला लावण्याची ही तयारी आहे.

याच वृत्तीचे एक उदाहरण आपल्या भाषेत आहे. जयंत नारळीकर वाढले ते बनारसमध्ये. घर मराठी, गाव हिंदी. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातील चार नगरांपैकी पहिले नगर बनारसच. महास्फोटाचा सिद्धांत त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. न दिसणाऱ्या द्रव्यावर आणि ऊर्जेवर सारी इमारत उभारणे त्यांना मान्य नव्हते, आणि हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी सिद्धांतही मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. परंतु १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था त्यांनी उभारली, तेव्हा तिचे दार आपल्याशी सहमत असणाऱ्यांपुरते उघडे ठेवले नाही. थाणू पद्मनाभन तेथे आले. विश्वातील रचना कशा घडल्या, यावरील त्यांचा १९९३ सालचा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला, आणि तो नारळीकरांना अमान्य असलेल्या चौकटीतच लिहिलेला होता. त्या दोघांनी मिळूनही लेखन केले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांचा सिद्धांत टिकला नाही, असे इतिहास कदाचित म्हणेल. पण विरोधी मताला आपल्याच घरात सन्मानाने जागा देणारी संस्था टिकली आहे.

पालकहो, मुलांनी कोणत्या माध्यमात शिकावे, मराठी शाळेत घालून त्यांचे नुकसान तर होणार नाही ना, ही चिंता आपण सारे वाहतो. या शाळेचा पट पूर्वीइतका राहिलेला नाही, हे मी जाणतो, आणि त्यावर माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. एवढेच सांगेन की, विज्ञानाला जी सवय लागते ती माध्यमाने येत नाही. “हे तुला कशावरून ठाऊक?” आणि “हे खोटे आहे, असे केव्हा म्हणशील?” हे दोन प्रश्न ज्या भाषेत मूल सर्वांत निर्भयपणे विचारू शकते, त्या भाषेत ते त्याला विचारू द्यावेत. आईशी ज्या भाषेत हट्ट केला, त्या भाषेत शंका विचारणे सोपे जाते. इंग्रजी त्याला पुढे येईलच. स्पॅनिशमध्ये शिकलेल्या फ्रेंक यांना ती आली.

माजी विद्यार्थ्यांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवतो. १९८५ साली ३२,७६८ कणांसाठी जे बळ कसेबसे जुळवावे लागले, त्याहून अधिक बळ आज साध्या लॅपटॉपमध्ये असते. आपल्यापैकी अनेकजण संगणक क्षेत्रात आहेत. शाळेच्या संगणककक्षात आठवी-नववीची मुले स्वतः असे लहानसे विश्व घडवून पाहतील, एवढी सोय या महोत्सवी वर्षात आपण करू शकतो. सूचना आणि स्पष्टीकरण मराठीत असावे. आरंभी होल्मबर्ग यांच्या चुलत्या शोभाव्यात अशा ७४ कणांनी करावा. मग वाढवत न्यावे. मुलांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलून पाहावा आणि कोणते विश्व आकाशासारखे दिसत नाही, ते वहीत लिहून ठेवावे. न जुळलेल्या विश्वांची ती यादी शिक्षकांनी आवर्जून वाचावी आणि तिलाही गुण द्यावेत. शिकवायला मी येईन.